दोन खाटांमधल्या नळ्या

ओवीचा फोन आला तेव्हा केतकी समुद्रात होती.

तमिळनाडूत तुतिकोरिनच्या किनाऱ्यापासून बोटीने बऱ्याच अंतरावर पवनचक्क्या पाण्यात रांगेने उभ्या होत्या. त्यांच्या मधोमध एक लोखंडी फलाट होता आणि केतकी चौगुले त्या फलाटावर देखभालीचं काम बघायची. काही आठवडे पाण्यावर, मग काही दिवस किनाऱ्यावर, असं तिचं चाललं होतं. चारी बाजूंना पाणी, वर आभाळ आणि पात्यांचा घुमणारा आवाज. नवीन आलेली माणसं इथे लवकर कंटाळायची. केतकीला मात्र इथेच मोकळा श्वास घेता यायचा.

"केतकी चौगुले का?" फोनवर एका मुलीचा आवाज होता.

"होय. कोण?"

"मी ओवी. ओवी पाटणे."

केतकीने हातातला पाना खाली ठेवला आणि ती तिथेच दोरांच्या वेटोळ्यावर बसली. आपल्या मुलीचा आवाज तिने शेवटचा ऐकला तेव्हा ओवी नऊ वर्षांची होती आणि 'मला यांच्याबरोबर जायचं नाही' असं बापाच्या मागे लपून म्हणत होती. आता ती सोळा वर्षांची होती, आणि फोनवर आपलं आडनावही सांगत होती.

"तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता," ओवी म्हणाली. "पण आज्जी मिरजेला ॲडमिट आहे. तिचं लिव्हर बंद पडत चाललंय. डॉक्टर म्हणतात, तुम्ही आलात तरच काही करता येईल. दुसरं कुणी चालत नाही."

"तिने सांगितलं तुला, मला फोन कर म्हणून?"

"नाही. ती नको म्हणत होती." ओवी जरा थांबली. "पण फार जोरात नको म्हणत नव्हती."

केतकी 'येते' म्हणाली. आईसाठी ती आली नसती, हे तिचं तिलाही स्पष्ट माहीत होतं. पण मुलीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे काहीतरी मागितलं होतं. ती 'तुम्ही' म्हणून मागत होती, तरी मागत होती.

केतकीची आई वैजयंती सांगलीत ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. विश्रामबागेतल्या निम्म्या बायका तिच्याकडे गाडी शिकल्या होत्या. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक असे, आणि शेजारची बाई चुकायच्या आधीच तिचा पाय त्यावर पडे. घरीही ती तशीच होती. केतकी एकुलती एक, वडील लवकर गेलेले. अकरा वर्षांपूर्वी केतकीचं लग्न मोडलं, आणि त्या दिवसांत तिला नैराश्याने असं घेरलं की उठणं, जेवणं, बोलणं सगळं हळूहळू बंद झालं. एकदा पाच वर्षांची ओवी बंद फ्लॅटमध्ये दिवसभर उपाशी रडत राहिली आणि केतकी शेजारच्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडून होती. शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं.

मुलीच्या ताब्याचा खटला उभा राहिला तेव्हा वैजयंतीने साक्ष दिली ती जावयाच्या बाजूने. "माझी मुलगी आज मूल सांभाळू शकत नाही," असं तिने न्यायाधीशांना सांगितलं. ओवी वडिलांकडे, निखिलकडे गेली. निखिलचं घर वैजयंतीच्या पुढच्याच गल्लीत होतं. त्यामुळे ओवी शाळा सुटली की आजीकडे यायची, आणि आजीनेच तिला वाढवलं म्हणायला हरकत नव्हती. केतकी पुढे औषधांनी बरी झाली, पण तोवर मुलीच्या आयुष्यात तिची जागा बुजून गेली होती. आईशी ती त्या साक्षीनंतर बोललीच नव्हती.

मिरजेत आई जिथे होती त्या केंद्राचे डॉ. मुजावर सावकाश बोलणारे गृहस्थ होते. केतकीला समोर बसवून त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं.

"बाळ पोटात असताना वारेतून फक्त आईकडून बाळाकडेच गोष्टी जातात असं नाही. बाळाच्याही काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. बाळंतपणानंतर त्या निघून जात असतील, असं पूर्वी वाटायचं. जात नाहीत. आईच्या हाडांत, हृदयात, यकृतात त्या तीस-चाळीस वर्षांनीही जिवंत सापडतात. एरवी आपलं शरीर परक्या पेशीला टिकू देत नाही. पण या पेशी नऊ महिने आत वावरलेल्या असतात. शरीर त्यांना घरचं समजून सोडून देतं."

"म्हणजे माझ्या पेशी आईत आहेत."

"आहेत. आणि बऱ्याच आहेत. विशेषतः यकृतात. पण त्या निजलेल्या आहेत." डॉक्टरांनी दोन बोटं एकमेकांजवळ आणली. "तुमचं रक्त काही तास त्यांच्यातून फिरवलं तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे तेवढा वेळ तुमचं यकृत दोघींचं काम करतं. दुसरं म्हणजे, तुमच्या रक्तातून मिळणाऱ्या संकेतांमुळे निजलेल्या पेशी जाग्या होतात आणि वाढायला लागतात. खराब झालेल्या यकृतात नवा भाग तयार होतो. आम्ही याला जोड म्हणतो."

"दुसऱ्या कुणाचं यकृत बसवता येत नाही?"

"त्यांचं शरीर ते नाकारेल. सगळ्या चाचण्या तेच सांगताहेत. तुम्हाला मात्र ते नाकारणार नाही."

केतकीला हसू आलं. का आलं, ते डॉक्टरांना कळलं नाही.

"किती दिवस लागतील?"

"महिना, दीड महिना. दिवसाआड दुपारी झोपून राहायचं. मग हळूहळू सोडवू."

मोठी खिडकी असलेल्या त्या खोलीत दोन खाटा हातभर अंतरावर होत्या आणि मध्ये कपाटाएवढं यंत्र. वैजयंती एका खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिचे डोळे आणि कातडी पिवळी पडली होती, मनगटं काड्यांसारखी झाली होती. केतकीला पाहून तिने चष्मा नीट केला.

"आलीस."

"होय."

"उन्हातून हिंडतेस वाटतं. काळी पडलीस."

अकरा वर्षांनी दोघींमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं. मग सिस्टर मार्था आली. तिने केतकीच्या मांडीत आणि मानेपाशी सुया बसवल्या, नळ्या जोडल्या, यंत्र सुरू केलं. गडद लाल रक्त एका नळीने पलीकडे गेलं आणि दुसऱ्या नळीने इकडे आलं. केतकीने मान वळवायचा प्रयत्न केला.

"हलायचं नाही," सिस्टर म्हणाली. "कुशीवर व्हायचं नाही. आणि भांडायचं नाही. हे मी सगळ्यांना आधीच सांगते. माणूस चिडलं की रक्तात जे सुटतं, ते या नळीतून पलीकडच्याला जातं. यांना राग आला की त्यांची छाती धडधडणार. हिरवा दिवा पिवळा झाला की गप्प बसायचं. लाल झाला की यंत्र थांबणार, आणि मग मला सगळं पुन्हा करावं लागणार."

पहिल्याच दुपारी ते खरं निघालं. केतकी छताकडे बघत कोर्टातला तो दिवस आठवत होती. एक शब्दही न बोलता ती आतल्या आत चिडत गेली. शेजारून आईचा आवाज आला.

"केतकी, जे काय डोक्यात आहे ते जरा थांबव. माझा जीव घाबरा होतोय."

केतकीने डोळे मिटले आणि आकडे उलटे मोजायला सुरुवात केली. आपल्याला आता मनातल्या मनातही चिडायची सोय उरलेली नाही, हे तिच्या लक्षात आलं. फलाटावर मन बिघडलं की ती जाळीच्या जिन्याने वर-खाली करायची. इथे पाय हलवायचीही मुभा नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या जोडीनंतर आईच्या डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला लागला. केतकीला मात्र संध्याकाळी जिना चढताना दम लागायचा. मधला मोकळा दिवस ती झोपून काढायची.

ओवी कॉलेज सुटलं की यायची. पहिल्यांदा ती आजीच्या खाटेच्या पलीकडे, भिंतीलगत बसली, म्हणजे तिच्यात आणि केतकीत आजी आणि यंत्र दोन्ही राहिले. उंच, सावळी, केस कापलेली मुलगी. पाय जमिनीला घासत बोलायची सवय केतकीच्या वडिलांची होती. केतकी तिच्याकडे एकटक बघायची आणि तिने बघितलं की नजर काढून घ्यायची. हळूहळू ओवीने फलाटाबद्दल विचारायला सुरुवात केली. वादळात काय करतात, पात्यावर चढतात कसे, समुद्रात वीज पडली तर काय होतं. एकदा केतकीने पात्यावर अडकलेल्या पक्ष्याला सोडवायला गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली आणि ओवी खळखळून हसली.

"आता काय झालं तुला?" आईने केतकीला विचारलं. "माझ्या अंगावर काटा आला."

"काही नाही," केतकी म्हणाली.

डॉ. मुजावरांनी एकदा ओवीसमोरच सांगितलं की केतकीच्या तपासणीत तिच्या रक्तातही काही पेशी सापडल्या होत्या. ओवीच्या.

"म्हणजे मी यांच्यात आहे?" ओवीने विचारलं.

"सोळा वर्षांपासून."

खुर्ची ओढून ओवी दोन खाटांच्या पायथ्याशी बसली, जिथून दोघीही सारख्याच अंतरावर होत्या. "बरं आहे," ती म्हणाली. "तुम्ही म्हाताऱ्या झालात की मी येईन झोपायला."

ती हे सहज म्हणाली. केतकीला त्या दिवशी ते ऐकून इतकं बरं वाटलं की तिने ते पुन्हा पुन्हा आठवलं.

साक्षीचा विषय केतकीनेच काढला. त्या दुपारी ओवी नव्हती.

"ओवी उपाशी राहिली त्या आठवड्यात मी तुला फोन केले होते. आठवतं?"

आई छताकडे बघत राहिली. "आठवतं."

"कोर्टात का नाही सांगितलंस ते?"

दिवा पिवळा झाला. दोघी गप्प राहिल्या. सिस्टर दारातून डोकावून गेली. दिवा पुन्हा हिरवा होईपर्यंत बराच वेळ गेला.

"वकिलाने विचारलं नाही," आई म्हणाली.

पुन्हा पिवळा. पुन्हा वाट बघणं. अशा तुकड्यातुकड्यांनी त्या दोघी अकरा वर्षांचं भांडण भांडल्या, आवाज न चढवता, मध्ये मध्ये श्वास मोजत.

"फोनवर तू नुसती रडत होतीस," आई म्हणाली. "मला वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी. होईल शांत. माझ्याकडे लायसन्सच्या टेस्टला जाणाऱ्या बायका होत्या. म्हटलं, रविवारी जाऊ."

"शुक्रवारी दार तोडलं."

"होय."

दिवा हिरवा व्हायची दोघींनी वाट पाहिली.

"मी खोटं बोलले नाही, केतकी. त्या पोरीला तेव्हा तुझ्याकडे ठेवता येत नव्हतं."

"मला माहीत आहे," केतकी म्हणाली. हे तिने आजवर कुणालाच कबूल केलं नव्हतं. "तिला तुम्ही सगळ्यांनी वाचवलंत, ते बरोबरच केलंत. पण त्या घरात आम्ही दोघी होतो. दुसरीला न्यायला कोण आलं?"

दिवा पिवळा न होता एकदम लाल झाला, घंटा वाजली आणि यंत्र थांबलं. सिस्टर मार्था धावत आली आणि केतकीवर रागावली. मग तिने पडद्यावरचे आकडे बघितले आणि ती आईच्या खाटेकडे वळली. केतकीची नाडी नेहमीसारखीच चालत होती. वाढली होती ती आईची.

सोडवायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी दोन जोडींमधलं अंतर वाढवत नेलं. आधी मध्ये दोन दिवस सोडून, मग चार. चौथ्या दिवशी आईला पुन्हा ग्लानी यायला लागली. थोड्या दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा तेच झालं. डॉ. मुजावरांनी केतकीला एकटीला बोलावलं.

"नवा भाग छान वाढलाय. पण तो तुमच्या रक्ताच्या आधारावर जागा राहतो. तुमचं रक्त थांबलं की परत निजतो. असं काहींच्या बाबतीत होतं. आता घरी ठेवता येईल असं छोटं यंत्र निघालंय. एक नर्स येऊन जोडून जाईल."

"आणि असं किती दिवस?"

"त्या आहेत तोवर." डॉक्टरांनी टेबलावरचा पेन उचलून पुन्हा ठेवला. "नीट चाललं तर पंधरा-वीस वर्षंही."

"मी नाही म्हटलं तर?"

"एखाद-दोन महिने. तुम्हाला कुणी भाग पाडू शकत नाही. अजून तरी तसा कायदा नाही."

'अजून तरी' हे शब्द त्यांनी विचार करूनच वापरले होते. जोड सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि जग त्याला सरावत चाललं होतं. नकार देणाऱ्या मुलांसाठी कायदा करावा, अशी मागणी टीव्हीवर रोज कुणीतरी करत असे. तसं पाहिलं तर मुलगेही चालत. मुलाच्याही पेशी आईत असतातच. पण केंद्रातल्या खाटांवर केतकीला बहुतेक मुलीच दिसल्या. मुलांना नोकऱ्या होत्या. शेजारच्या खोलीतल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, कारण नवरा मुलगा पुण्याचा आणि हिला दिवसाआड मिरजेत हजर राहायला हवं. तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझी पोर देवमाणूस आहे. पोर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

केतकीच्या सुलूमावशीचा फोन आला. "आईचं करायला मिळतंय, नशीब समज. किती जणींना मिळतं?" केतकीने ऐकून घेतलं. सगळ्यांनी तिच्या वतीने ठरवून टाकलं होतं. आईच्या विश्रामबागेतल्या घराची माडीवरची खोली झाडून ठेवली होती. ड्रायव्हिंग स्कूलचा हिशेब बघायला कुणीतरी हवंच होतं, असंही मावशी म्हणाली.

त्या संध्याकाळी आईनेच विषय काढला. नळ्या तेव्हा जोडलेल्या नव्हत्या.

"डॉक्टरांनी मला सांगितलंय सगळं. तुला बांधून घालायला मला आवडत नाही. पण तू माझ्याकडून एक अपेक्षा करू नकोस. मी मरायला तयार आहे, असं मी म्हणणार नाही. मला जगायचंय. सकाळी उठून चहा प्यायचाय. ओवीला गाडी शिकवायचीय. तू नाही म्हण, तुझा हक्क आहे. पण ते तुझं तू म्हण. माझ्या तोंडून काढून घेऊ नकोस."

केतकीला क्षणभर वाटलं, हिने खोटं का होईना, 'जा तू' म्हणायला हवं होतं. मग वाटलं, निदान खोटं बोलली नाही. ती बाहेर पडली, रिक्षाने स्टेशनवर गेली आणि बाकावर बसून राहिली. दक्षिणेकडे जाणारी गाडी आली, थांबली, सुटली. चढायला तिला कुणी अडवत नव्हतं, आणि तरी तिला बाकावरून उठता आलं नाही. काही आठवड्यांत आई मरेल आणि ते ओवीच्या डोळ्यांसमोर होईल. त्यानंतर ओवीचा फोन पुन्हा कधीच येणार नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या कॅन्टीनमध्ये ओवी भेटली. ती खुशीत होती.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "बारावीनंतर इथेच सांगलीत बीएस्सी करणार. मला बुरशीवर काम करायचं होतं, जंगलातल्या, पण ते सगळं फार लांब लांब आहे. आज्जी इथे, तुम्ही इथे, आणि पुढेमागे तुम्हाला लागलं तर मी पण इथे असलेली बरी."

'मी येईन झोपायला' या ज्या वाक्याने केतकीला महिन्याभरापूर्वी इतकं बरं वाटलं होतं, तेच आता तिच्यासमोर ठरलेल्या आयुष्यासारखं बसलं होतं. सोळा वर्षांची मुलगी स्वतःची खाट आत्तापासून पसंत करून ठेवत होती, आणि तिला ते शिकवलं होतं केतकीनेच, रोज दुपारी तिच्यासमोर पडून.

"मी इथे राहणार नाही," केतकी म्हणाली.

ओवीचा चेहरा उतरला. "म्हणजे आज्जीला..."

"आज्जीला मी सोडणार नाही. यंत्र कुठेही ठेवता येतं. मी जिथे राहते तिथे ते येईल, आणि आज्जीही येईल. तुतिकोरिनला."

"ती तिथे काय करणार?"

"मी इथे काय केलं असतं, तेच."

"आणि मी?" ओवी उभी राहिली. कॅन्टीनमधली माणसं वळून बघायला लागली. "तू माझ्या आज्जीला घेऊन चाललीस. तेव्हा तिने कोर्टात माझं ठरवलं, आता तू ठरवतेस. मला एकदा तरी विचारायचं ना."

'तू' हा शब्द केतकीच्या कानात शिरला. तो अशा वेळी ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मी राहिले तर तूही राहशील, ओवी. आणि मी तुला कधीही बोलावणार नाहीये. माझ्यात तुझ्या कितीही पेशी असल्या तरी. ते मी डॉक्टरांकडे लिहूनही देणार आहे."

"ते तू एकटी ठरवणार नाहीस," ओवी म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

आईला सांगायला केतकीने मुद्दाम जोडीची वेळ निवडली नाही. ती खुर्चीवर बसली आणि सरळ सांगितलं.

"तिथे मला कोण ओळखतं?" आईने विचारलं.

"कुणी नाही."

"भाषा येत नाही मला."

"मलाही येत नव्हती."

"घर? स्कूल? माझ्या गाड्या?" आईने चष्मा काढून पदराला पुसला. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर ते तुझं तू म्हटलेलं असेल, आई."

वैजयंती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती सारखी तिरकी जात होती. एरवी ती काहीतरी बोलली असती.

"गाड्या विकाव्या लागतील," ती शेवटी म्हणाली.

निघायच्या दिवशी ओवी आली नाही.

तुतिकोरिनचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर होतं. एका खोलीत दोन खाटा आणि मध्ये छोटं यंत्र, एवढ्यात ती खोली भरून गेली. केतकीला आता फलाटावर जाता येत नव्हतं. दिवसाआड जोडीला हजर राहायचं म्हणजे समुद्रात कसं राहणार? कंपनीने तिला किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात बसवलं. तिथे भिंतभर पडद्यांवर पवनचक्क्या दिसायच्या, आवाज मात्र यायचा नाही. आई दिवसभर गॅलरीत बसायची. खालच्या भाजीवाल्या बाईकडून ती तमिळ शब्द शिकली, आधी भाज्यांचे, मग आकड्यांचे. संध्याकाळी रस्त्यावरच्या गाड्या बघत ती कोण कसं चालवतंय ते पुटपुटत राहायची. एकदा भात शिजवताना रडली, केतकीने बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली नाही. पहिल्या सुट्टीत ओवी आली नाही. दुसऱ्या सुट्टीत आली, चार-पाच दिवस राहिली, समुद्र बघितला, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली, आणि जाताना केतकीला म्हणाली, "मी अजून रागावलेलीच आहे."

बारावीचा निकाल लागल्यावर तिचा फोन आला. दुपार होती, जोड चालू होती. केतकीने फोन उशीशी ठेवला आणि स्पीकर लावला.

"शिलाँगला नंबर लागलाय," ओवी म्हणाली. "बुरशीचंच. पाच वर्षांचा कोर्स. पप्पा म्हणतात, एवढ्या लांब नको." पलीकडे ती थांबली. "मलाही कळत नाहीये. तिथून तुमच्याकडे यायचं म्हणजे तीन गाड्या बदलायच्या. वर्षातून एकदा जमलं तर जमलं. काय करू, सांगा."

नको, हा शब्द केतकीच्या ओठांपर्यंत आला. सांगलीहून निदान सुट्टीत येता आलं असतं. आत्ता कुठे ती फोन करायला लागली होती. यंत्राचा दिवा पिवळा झाला. आईने मान किंचित वळवून दिव्याकडे बघितलं, मग केतकीकडे. ती वाट बघत राहिली.

"जा," केतकी म्हणाली. "आमच्यासाठी परत यायचं वगैरे काही मनात ठेवू नकोस."

"आज्जी?"

"ती सांगतेय ना," आई म्हणाली. "जा."

फोन बंद झाल्यावर खोलीत यंत्राची घरघर तेवढी राहिली. दिवा बराच वेळ पिवळाच होता. दोघींपैकी कुणामुळे, ते कळायला मार्ग नव्हता. मग तो हिरवा झाला.

"तिकडे थंडी असणार," आई म्हणाली.

"असेल."

"इथे कुठे स्वेटर मिळतात?"

"इथे कोण घालतं? मदुराईला मिळतील. उद्या जोड नाही, जाऊन येऊ."

"मी पण?"

"मला कपड्यांतलं काही कळत नाही. निळा घ्यावा म्हणतेय."

"निळा नको," आई म्हणाली. "तिला काळा आवडतो. लहानपणापासून."

केतकीला ते माहीत नव्हतं. ती छताकडे बघत पडून राहिली. नळ्या सुटायला अजून पुष्कळ वेळ होता.

"आणखी काय आवडतं तिला?" तिने विचारलं, आणि आई सांगायला लागली.